शाळा उघडली, तेव्हा लेकरं फडात होती

"मॅडम, तुम्ही लिहून देता का, माझ्या लेकराला काही होणार न्हाई म्हणून?"

जुलै २०२१ मधली गोष्ट. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या, खिडक्या सताड उघड्या होत्या, बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. विचारणाऱ्याचा थोरला भाऊ एप्रिलात कोरोनानं गेला होता. अंबाजोगाईला नेला, दोन दिवस ऑक्सिजनवर काढले, तिसऱ्या दिवशी फोन आला. घरच्यांना तोंडही बघायला मिळालं नव्हतं. या माणसाचा मुलगा आमच्याकडे आठवीत. माझ्या हातात संमतीपत्रांचा गठ्ठा होता आणि मला उत्तर सुचेना. असं लिहून देणं कुणालाच शक्य नव्हतं. मी खाली बसले.

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेची मी प्रभारी मुख्याध्यापिका. पहिली ते आठवी, पट ११८, शिक्षक पाच. गावातली निम्म्याहून जास्त घरं कोयत्यावर जाणारी. दसरा झाला की नवरा-बायको, म्हणजे जोडीचा मिळून एक 'कोयता', उसाच्या फडात तोडीला निघतात, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. परत यायचे ते उन्हाळ्यात. हे आधीच सांगून ठेवते. शाळा कधी उघडायच्या यावर दीड वर्ष राज्यभर वाद चालला, पण आमच्या गावचा दसरा त्यात कुणाच्याच हिशेबात नव्हता.

मार्च २०२० मध्ये कुलूप लागलं. पुढं जूनपासून 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असं ठरलं आणि आम्ही ते मनापासून केलं. दीक्षा ॲपवरचे पाठ पाठवले, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका लागायची तिची वेळ घरोघरी जाऊन सांगितली, व्हॉट्सॲपवर स्वाध्याय पाठवले. मग एक दिवस वहीत घरांची यादी केली. ११८ मुलांमागे स्मार्टफोन निघाले ३४. तेही दिवसभर बापाच्या खिशात, बाप रानात. रात्री फोन घरी आला तर चार्जिंग नाही, चार्जिंग असलं तर रिचार्ज नाही. म्हणून आम्ही पारावर बसलो, मंदिराच्या पायऱ्यांवर बसलो, ओट्या-ओट्यावर फिरलो. मधल्या काळात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चं सर्वेक्षण होतं, हातात ऑक्सिमीटर आणि थर्मल गन घेऊन दारोदार जायचं. त्याच फेरीत मुलांच्या वह्या तपासून घ्यायचे. पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ पालकांना मोजून द्यायची, तेव्हा निदान मुलं डोळ्यांना दिसायची.

२७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवी सुरू झाली. त्याआधी आम्हा शिक्षकांची आरटीपीसीआर तपासणी झाली. ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात शंभरभर शिक्षक उन्हात रांगेत. वर्ग जेमतेम रुळतात तोवर दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलूप. त्या लाटेत आमच्या केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले, एक सर गेले. आदल्या महिन्यात शिक्षण परिषदेत माझ्या शेजारी बसले होते, अपूर्णांक शिकवायला कागदाच्या पट्ट्या कशा दुमडायच्या ते मला दाखवत होते. त्यामुळं भीती कशाला म्हणतात ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. शाळा उघडा म्हणणाऱ्यांत मी होते, पण घरी सासूबाईंना दमा आहे, आणि रोज संध्याकाळी न्हाणीत जाऊन साबणानं अंग धुतल्याशिवाय मी त्यांच्या खोलीकडं फिरकत नव्हते.

७ जुलै २०२१ ला शासन निर्णय आला. ज्या गावात महिनाभर कोरोनाचा एकही रुग्ण नाही, तिथं आठवी ते बारावीचे वर्ग १५ जुलैपासून सुरू करता येतील. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव हवा, पालकांची संमती हवी, सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती हवी. एका बाकावर एक विद्यार्थी, दोन बाकांत सहा फूट अंतर, वर्गात १५ ते २० च मुलं. मला हा निर्णय पहिल्यांदा वाचला तेव्हा फार बरं वाटलं. मुंबई-पुण्यातले आकडे बघून आमच्या डोंगरातल्या वस्तीला कुलूप लावायचं, हे दीड वर्षात पहिल्यांदा बदलत होतं. आपल्या गावाचं आपण ठरवायचं होतं.

मग कागदांमागं पळापळ सुरू झाली. उपकेंद्राच्या सिस्टरकडून रुग्ण नसल्याचा दाखला. गावातला शेवटचा रुग्ण ५ जूनला घरी आला होता, म्हणजे महिना नुकताच भरत होता. आशाताईंना घेऊन मी दोन दिवस घरोघर फिरले, कुणाला ताप-खोकला नाही ना याची खात्री केली. संमतीपत्राचा नमुना साधा होता, 'पाल्यास शाळेत पाठवण्यास माझी संमती आहे'. पण सही करताना माणसं थबकत होती. एक आजोबा म्हणाले, "म्हंजी उद्या काही झालं तर आमीच जिम्मेदार, असंच ना?" कागदाचा अर्थ लोकांनी बरोबर ओळखला होता. आठवीत १४ मुलं. बारा सह्या मिळाल्या.

त्यानंतरची ती बैठक. मी खाली बसले, आणि थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग गावातला कॉलेजचा एक मुलगा म्हणाला, तिसरी लाट येणार, ती लहान मुलांवर येणार, टीव्हीवर रोज सांगतायत, मग घाई कशाला? हेही काही वेडगळ बोलणं नव्हतं. राज्यात तेव्हा मुलांसाठीचे डॉक्टरांचे कार्यदल नेमलेले होते, जिल्ह्याजिल्ह्यांत बालरुग्णांसाठी खाटा वाढवणं चालू होतं. एवढी तयारी चालू आहे म्हणजे धोका असणारच, असं कुणालाही वाटेल.

उत्तर दिलं ते शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका बाईंनी. वयानं पन्नाशीच्या, आयुष्यभर कोयता धरलेल्या. त्या उभ्या राहिल्या नाहीत, बसल्या जागेवरून बोलल्या.

"गेल्या दसऱ्याला करोना नव्हता का? हीच लेकरं ट्रकात घालून कारखान्याला नेली. दहा-दहा कोयते एका गाडीत. तवा कुनी ठराव घेतला हुता? तवा कुनी सहा फुटाचं माप लावलं हुतं? फडात लेकरू चालतंय आन् शाळंत न्हाई, ही कुठली रीत?"

त्या बैठकीतलं बाकी सगळं मी इतिवृत्तात लिहिलं, हे मात्र लिहिलं नाही. कुठल्या विषयाखाली लिहू ते कळेना. आज लिहिते आहे.

ठराव झाला. भाऊ गमावलेल्या माणसानं सही केली नाही, आणि त्यांना कुणी आग्रहही केला नाही. त्यांच्या मुलाचा अभ्यास मी घरी पोचवीन, एवढंच मी सांगितलं.

१५ जुलैला आठवीचा वर्ग उघडला. आदल्या दिवशी आम्ही शिक्षकांनीच टेप लावून बाक मांडले. वीस बाय पंचवीसच्या खोलीत भिंती सोडून सहा-सहा फूट अंतर धरलं तर बारा बाकच बसतात. सॅनिटायझर शाळेच्या अनुदानातून, साबण गावातल्या दुकानदारानं दिला, हात धुवायच्या जागी चुन्यानं गोल आखले. थर्मल गननं वेगळाच घोळ घातला. वाडीवरची मुलं तीन किलोमीटर उन्हातून चालत यायची आणि कपाळावर शंभर दाखवायची. मग नियमच केला, आल्यावर दहा मिनिटं लिंबाखाली बसायचं, पाणी प्यायचं, मग ताप बघायचा. सही न केलेले ते गृहस्थ पहिल्या दिवशी फाटकाबाहेर उभे होते. सुटेपर्यंत हलले नाहीत. पुढं पोळ्यानंतर एका सकाळी मुलाला घेऊन आले, काही न बोलता संमतीपत्र मागून घेतलं आणि टेबलावरच सही केली.

आठवीचा वर्ग चालू असताना कुंपणाच्या भिंतीवर बारकी पोरं येऊन बसायची. त्यात एक मुलगी रोज असायची. कडेवर धाकटा भाऊ. जून २०२० मध्ये तिचं नाव पहिलीत घातलं होतं, आता ती कागदावर दुसरीत होती. एकही दिवस वर्गात न बसता. पहिलीतून दुसरीत गेली तेव्हा तिच्या नावापुढं मीच 'वर्गोन्नत' लिहिलं होतं. ती रोज एकच विचारायची, "मॅडम, आमची कदी?"

मी रोज सांगायची, लवकरच.

याच जुलैत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या चौथ्या सीरो सर्वेक्षणाचे आकडे आले. देशातल्या ६ ते १७ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात आधीच प्रतिपिंडं सापडली होती. म्हणजे शाळा बंद असूनही संसर्ग त्यांच्यापर्यंत पोचून गेला होता. परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी त्याच वेळी सांगितलं की लहान मुलं विषाणूला मोठ्यांपेक्षा चांगलं तोंड देतात, शाळा उघडायच्या तर प्राथमिकपासून सुरुवात करणं शहाणपणाचं, फक्त शिक्षक-कर्मचाऱ्यांचं लसीकरण झालेलं हवं. ती बातमी मी कापून दप्तरात ठेवली होती. माझे दोन्ही डोस झालेले होते.

मोठे वर्ग आधी का, याची कारणं मला समजत होती. मोठी मुलं मास्क सांभाळतात, अंतर पाळतात, दहावी-बारावीच्या परीक्षा डोक्यावर असतात. पण आठवीचा मुलगा पुस्तक उघडून स्वतः वाचू शकतो. पहिली-दुसरीच्या लेकराला अक्षर माणसाकडूनच मिळतं, शेजारी बसून, बोट धरून. ते मोबाईलवर होत नाही, ओट्यावर आठवड्यातून अर्धा तास बसूनही होत नाही. मी दीड वर्ष करून बघितलं म्हणून सांगते. वर्गावर्गानंच उघडायचं होतं तर खालून वर जायला हवं होतं. आणि तारीख गावाच्या हंगामाला धरून हवी होती. हे मी तेव्हाही केंद्राच्या बैठकीत बोलले, आजही त्यावर ठाम आहे.

ऑगस्टमध्ये आशा वाटली. १० तारखेला निर्णय आला की ग्रामीण भागात पाचवी ते सातवी १७ ऑगस्टपासून सुरू करायची. खाली चौथीपर्यंत नव्हतंच, पण निदान पायरी उतरत होती. आम्ही खोल्या झाडल्या, बसकरपट्ट्या उन्हात टाकल्या, मुलांना निरोप धाडले. दोन दिवसांत स्थगिती आली. कार्यदलाच्या डॉक्टरांना ते घाईचं वाटलं होतं. डॉक्टरांवर माझा राग नाही. दुसऱ्या लाटेत त्यांनी जे बघितलं ते बघितल्यावर कुणीही हात आखडता घेईल. पण निरोप परत फिरवायला मला घरोघरी जावं लागलं, आणि सहावीतल्या एका पोरीनं गणवेश धुऊन दोरीवर टाकला होता तो मला दिसला.

त्याच ऑगस्टात पंधरा राज्यं-केंद्रशासित प्रदेशांतल्या सुमारे चौदाशे मुलांच्या घरी जाऊन एक पाहणी झाली होती, अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सोबत्यांनी केलेली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं ८ टक्के निघाली. अजिबात अभ्यास न करणारी ३७ टक्के. ते आकडे सप्टेंबरात वाचले तेव्हा माझी वहीतली यादी मी पुन्हा काढून बघितली. माझ्या गावाचं चित्र याहून बरं नव्हतं.

४ ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवी ते बारावी सुरू झाली. 'शिक्षणोत्सव' होता. आम्ही रांगोळी काढली, झेंडूची फुलं लावली, गावातल्या हलगीवाल्यानं आपणहून येऊन हलगी वाजवली. खरंच आनंद झाला होता, मुलांना बघून माझ्या एका सहकाऱ्याला बोलता येईना. पहिली ते चौथी मात्र भिंतीवरच.

आणि १५ ऑक्टोबरला दसरा.

तोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमांची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घरोघर आली होती. मी एकेका घरी गेले. लहान पोरांना आजीजवळ ठेवून जा म्हणाले. एरवी आमच्या गावात हंगामी वसतिगृह चालतं. आईबाप तोडीला गेले तरी मुलं गावात राहतात, सकाळ-संध्याकाळ जेवतात, शाळेत येतात. पण वर्गच बंद असलेल्या मुलांचा प्रस्ताव कसा करणार? मी अर्ज लिहिला, गावात जूनपासून रुग्ण नाही, समितीची तयारी आहे, पहिली ते चौथी सुरू करायची परवानगी द्यावी. वरून उत्तर आलं की आदेशात तशी तरतूद नाही. तीन ओळींचं पत्र. अजून फाईलला आहे.

भिंतीवरच्या त्या मुलीच्या आजीनं मला चुलीजवळ बसवून चहा दिला. म्हणाली, "शाळा उगडी आसती तर ठिवली आसती मॅडम. दिसभर शाळंत, दुपारी तितंच खिचडी, माझ्याच्यानं रातीचं झालं आसतं. आता दिसभर ही हितं काय करंल? तिकडं गेली तर कोपी राखंल, बारक्याला संबाळंल." कोपी म्हणजे फडाजवळची झोपडी. यावर मी काय बोलणार होते? दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी पहाटे ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रॅक्टर निघाले. बैठकीत बोललेल्या त्या बाईंनाही जावं लागलं. मुलगी ट्रॉलीत भांड्यांच्या पोत्याला टेकून बसली होती. मला बघून तिनं हात हलवला नाही. ती झोपेत होती.

१ डिसेंबर २०२१ ला पहिली ते चौथी सुरू झाली.

माझ्याकडं या चार वर्गांचा पट ५५. पहिल्या दिवशी हजर २६. बाकीची लेकरं उसाच्या फडात. दीड वर्ष ज्या दिवसाची वाट बघितली त्या दिवशी मी हजेरी घेत होते आणि नावामागून नावाला 'स्थलांतरित' लिहीत होते. त्या तारखेचा निर्णय घेणाऱ्यांनी अभ्यास करूनच घेतला असेल. पण सप्टेंबरात उघडली असती तर ही मुलं माझ्याकडं राहिली असती, त्यातली निदान दहा-बारा तरी, एवढं मी आज शपथेवर सांगेन. आमच्याकडं डिसेंबरात उघडलेली शाळा म्हणजे टोळी गेल्यावर भरलेला बाजार.

जी आली त्यांच्यात दुसरीची सात होती. त्यांना वही दिली तर एकानं मधलंच पान उघडलं आणि पानाच्या मधोमध लिहायला घेतलं. ओळ डावीकडून सुरू होते हे त्याला कुणी दाखवलेलंच नव्हतं. मी त्याच्या शेजारी बसकरपट्टीवर बसले, त्याचं बोट धरून समासाच्या रेघेवर ठेवलं. म्हणाले, इथून निघायचं. तो मास्कमधूनच म्हणाला, "आन् पोचायचं कुटं?" मी पानाचं दुसरं टोक दाखवलं. त्या दिवशी आम्ही सगळ्या सात जणांनी फक्त तेवढंच केलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघा.

जानेवारीत ओमायक्रॉन आला, १० तारखेपासून पुन्हा बंद. यावेळी मात्र गावं गप्प बसली नाहीत. आमच्याही पालकांनी विचारलं, बाजार चालू, लग्नं चालू, मग शाळाच का? भाऊ गमावलेले ते गृहस्थ त्या दिवशी सगळ्यांत पुढं उभे होते. २४ जानेवारीपासून स्थानिक परिस्थिती बघून शाळा उघडायला परवानगी मिळाली आणि आम्ही त्याच सोमवारी उघडली. तेव्हापासून कुलूप लागलेलं नाही.

त्या साली ऊस इतका होता की गाळप जूनपर्यंत लांबलं. आमच्या टोळ्या रोहिणीचा पाऊस पडून गेल्यावर परतल्या. १५ जून २०२२ ला नवं वर्ष सुरू झालं, तेव्हा ती मुलगी आली. बरीच उंच झाली होती, हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे. तिसरीच्या हजेरीत तिचं नाव पाचवं. पहिली झाली, दुसरी झाली, आणि शाळेत बसायचा तिचा हा पहिला दिवस.

पाटीवर एक ते दहा लिही म्हटलं तर ती माझ्याकडं बघत राहिली. मग मी विचारलं, तिकडं तू काय करायचीस? म्हणाली, वाढं बांधायची. उसाच्या शेंड्यांच्या पेंढ्या, गावातले लोक जनावरांना विकत नेतात. रोज किती व्हायच्या?

"कदी चाळीस, कदी पन्नास. शंभराला बा दोन गिऱ्हाइकं बघायचा."

"मोजायचं कोण?"

"मीच."

मी शाळेमागं जाऊन वाळलेल्या गवताच्या काड्या आणल्या, तिच्यासमोर ठेवल्या आणि पेंढ्या बांधायला सांगितल्या. तिनं सराईतपणे दहा-दहा काड्या उचलल्या, एकीनं बाकीच्यांना वेढा दिला, गाठ मारली. चार पेंढ्या आणि तीन सुट्या काड्या उरल्या. मी पाटीवर ४ लिहिला, त्याच्या शेजारी ३ लिहिला. तिनं पेंढ्यांकडं बघितलं, पाटीकडं बघितलं, आणि माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली.